नाव टाकलेली ताटं

त्या वर्षी श्रावणात काकूंच्या स्वयंपाकघरात नाल्याचं पाणी शिरलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आमची वस्ती यवतमाळला लागून आहे. मी लग्न होऊन फुलसावंगीहून इथे आले तेव्हा ग्रामपंचायत होती, घरांच्या मागे तुरीची शेतं होती आणि नाला मोकळा वाहायचा. मग शेतांचे लेआउट पडले, वस्ती शहरात गेली, नाल्यावर दोन पाइप टाकून वरून सिमेंटचा रस्ता झाला. माझे मिस्टर मोटर वाइंडिंगचं काम करतात. दुकान पुढे, घर मागे. आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. त्यांची शेती घाटंजीकडे. काका मोटारसायकलने शेतात जाऊन-येऊन करतात आणि काकू पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून शहरात आल्या त्या इथल्याच झाल्या. मी त्यांना काकू म्हणते, त्या मला भाभी म्हणतात. वयाने मी बरीच लहान, पण मुसलमानाच्या घरातल्या बाईला आमच्याकडे सगळे भाभीच म्हणतात.

त्या सकाळी काकूंच्या ओट्याखाली घोट्याएवढं काळं पाणी होतं आणि त्यात कणकेचा डबा तरंगत होता. पाऊस म्हणाल तर काही फार झाला नव्हता. काका आणि माझे मिस्टर बांबू घेऊन पाइपाच्या तोंडाशी गेले आणि ढोसायला लागले. आतून निघाल्या चंदेरी पत्रावळ्या. एकमेकींना चिकटलेले गठ्ठेच्या गठ्ठे, त्यात द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, मठ्ठ्याचे कप. दोन दिवसांपूर्वी चौकातल्या मंदिरात भंडारा झाला होता, त्याचंच ते सगळं. काही पत्रावळ्यांना बुंदी अजून चिकटलेली होती.

काठावर उभ्या राहून काकू ओरडत होत्या, "महाप्रसाद खाल्ला सगळ्या वस्तीनं आन् उष्टं आलं माह्या घरात! कोणाले लाज हाये का नाई?"

दुपारी आम्ही दोघी मिळून त्यांचं घर धुतलं. फिनेलच्या वासाने डोकं चढलं होतं. फरशी पुसता पुसता काकू थांबल्या आणि वर सज्ज्याकडे पाहून म्हणाल्या, "भाभी, तुह्या घरी सज्ज्यावर ताटं किती असतीन?"

"असतील पुष्कळ. लग्नातली आहेत, सासूबाईंची आहेत."

"माह्याकडं बी हायेत. सगळ्याइकडंच हायेत. वर धूळ खाऊन राह्यले आन् खाली आपण कागदात जेवून राह्यलो. कायले?"

मला तो प्रश्न फार खरा वाटला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी घरोघर फिरलो. सज्ज्यावरची जास्तीची ताटं, वाट्या, ग्लास द्या, एका जागी ठेवू, वस्तीत ज्याच्या घरी कार्यक्रम असेल त्याने न्यायचे आणि धुऊन आणून द्यायचे, एवढीच योजना. बायकांनी खुशीने दिले. कोणाच्या हुंड्यातले, कोणाच्या वास्तुशांतीत आलेले. स्टीलचं ताट आमच्याकडे नाव टाकल्याशिवाय कोणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक ताटाच्या कडेवर कोणाचं तरी नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. माझ्या ताटांवरही होतं. माझ्या लग्नात अब्बांनी ती दिली तेव्हा भांडेवाल्याकडून माझं नाव मराठीत टाकून घेतलं होतं, कारण आमच्या घरात शाळा शिकलेली सगळी माणसं मराठीच शिकली.

सामान ठेवायला माझ्या मिस्टरांच्या दुकानामागची खोली ठरली. ते जळलेल्या मोटारी बाजूला सरकवता सरकवता म्हणाले, "अब मैं तांबा कहाँ रखूँ? सर पे?" पण जागा करून दिली. दोन लोखंडी मांडण्या स्वतःच वेल्डिंग करून आणल्या.

पहिली अडचण आली ती कोणाला सुचलीही नसती. एका तरुण सुनेने पोराच्या वाढदिवसासाठी ताटं नेली आणि तासाभरात परत आली. म्हणाली, "काकू, याच्यावर 'स्मरणार्थ' लिवलं हाये. लेकराच्या वाढदिवसाले मेलेल्या माणसाच्या ताटात कसं वाढू?"

काही घरांनी तेरवीला वाटलेली ताटं दिली होती, त्यांवर तसं कोरलेलं होतंच. काकू म्हणाल्या, "पोळी ठेवजो त्या नावावर. दिसणार नाई."

ती हसली नाही. आम्ही तिला मांडणीतून शोधून शोधून जिवंत माणसांची ताटं काढून दिली. ती गेल्यावर आम्ही दोघी हसलो. पुढे हसण्यासारखं कमी उरलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्या वस्तीत महालक्ष्मीचं जेवण म्हणजे अख्खी गल्ली जेवते. मागच्या गल्लीतल्या एक बाई ताटं न्यायला आल्या. काकू त्यांना मोजून देत होत्या आणि मी आतल्या दारामागे वाट्या पुसत होते. मी तिथे आहे हे त्या बाईंना माहीत नव्हतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "यातले भाभीकडचे ताटं कोणते? थे बाजूले ठेवा. देवाचं जेवण हाये, त्याच्यात काय काय खाल्लं असन."

ताटांचा आवाज तेवढा आला, एकावर एक ठेवण्याचा. त्या बाई गेल्यावर मी बाहेर आले तर माझ्या नावाची ताटं एका बाजूला वेगळी ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी काकू मुलीच्या नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "मी काय म्हणते, बुडाले एक एक लाल ठिपका देऊन ठेवू. ठिपक्याचे म्हणजे मटणाचे. बाकीचे साधे. मंग कोणाची कटकट नाई."

"आणि ठिपका कोणाच्या ताटांना द्यायचा?"

त्या बाटलीचं झाकण फिरवायला लागल्या.

मी म्हटलं, "काकू, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तुमच्या घरी मटण शिजतं त्याचा वास माझ्या अंगणात येतो. त्या ताटांना द्यायचा का ठिपका? या वस्तीतल्या कोणत्या ताटात मटण वाढलेलं नाही ते दाखवा मला."

"शिजते वं. मी कुठं नाई म्हणून राह्यली? पण लोकाइले थे दिसत नाई. लोकाइले तुहं नाव दिसते."

"मग मी माझी ताटं परत नेते."

"ने. आन् मंग नाल्यात पत्रावळ्या पाह्यत बसजो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पण त्या म्हणत होत्या ते अगदी तसंच घडणार होतं. मी ताटं नेली नाहीत. काकूंनी माझ्यासमोर बसून एकेका ताटाला ठिपका दिला आणि फुंकर घालून वाळवला. त्या दिवशी मिस्टरांनी विचारलं, "क्या हुआ, मुँह क्यों उतरा है?" मी नेलपॉलिशची गोष्ट सांगितली. ते हातातली पक्कड खाली ठेवून म्हणाले, "तेरेको ही शौक था." त्यांना माझी बाजू घ्यायची होती, पण त्यांच्या तोंडून तेवढंच निघालं.

वर्षभरात राखेने आणि तारेच्या घासणीने घासून घासून ते ठिपके निघून गेले. ते परत लावायची आठवण कोणी काढली नाही, त्या महालक्ष्मीवाल्या बाईंनीसुद्धा नाही. मला त्याचाही रागच आला. ज्या गोष्टीसाठी मला एवढं लागलं, ती लोकांना वर्षभर लक्षात ठेवण्याएवढीही महत्त्वाची नव्हती.

तोपर्यंत आमचं काम मात्र बरं चाललं होतं. बारसं, वाढदिवस, तेरवी, आमच्याकडचे लेकरांच्या जन्माचे अकीके, रमजानमधली एखादी इफ्तार, अशा घरगुती कार्यक्रमांना वस्तीतली माणसं मांडणीवरचीच ताटं न्यायची. पाइपाचं तोंड दोन पावसाळे मोकळं राहिलं. ते आम्ही स्वतः जाऊन पाहायचो. काकू वाकून आत बघायच्या आणि "साफ हाये" म्हणून माझ्या पाठीत थाप मारायच्या.

अडलं ते उन्हाळ्यात. यवतमाळचा उन्हाळा ज्याने काढला त्याला सांगायला नको. नळ आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा, आणि लग्नं सगळी एप्रिल-मेमध्ये. एका लग्नघरी आम्ही ताटांचं विचारायला गेलो तर तिथे मंडप घालणारा बिछायतवाला बसला होता. तो म्हणाला, "ताटं तुमी देसान, पण धुवाले पाणी कोण देईन? इथं पाहुण्याइले प्याले टँकर सांगतलं हाये."

काकूंनी त्याला त्यांच्या माहेरची पद्धत सांगितली. आधी उष्टं खरडून काढायचं, मग कोरड्या राखेने घासायचं, मग एका टपात बुडवायचं आणि दुसऱ्यात खंगाळायचं. पाणी थोडंच लागतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "माह्याकडचे पोट्टे राखेनं नाई घासत, काकू. थे नळाखाली धरतात."

लग्नघरची बाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा समजावून सांगावं तसं म्हणाली, "पाणी वाचवा म्हणून तुमीच सांगता आन् ताटं धुवा म्हणून बी तुमीच सांगता. एक काय ते ठरवा."

पाणी आणि नाला, दोन्ही एकदम वाचवता येत नाहीत असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. नळाची वाट पाहत बादल्यांची रांग लावून बसले की मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

मग निवडणूक आली. नगरसेवक व्हायला निघालेल्या एका भाऊंना आमच्या ताटांची बातमी लागली. ते स्वतः दुकानात आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "भाभी, फार मोठं काम करून राह्यल्या तुमी. एवढ्या ताटांनी लग्न कसं होईन? मी देतो." चार दिवसांत रिक्षाभर नवी कोरी ताटं आली. सगळी एकसारखी, कप्प्याकप्प्यांची. प्रत्येकावर भाऊंचं नाव आणि खाली 'सौजन्याने'.

मला ते आवडलं नव्हतं. काकू मात्र हरखल्या. त्यांच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. "भाभी, माह्या पोरीचं लग्न याच ताटाइत करीन," त्या म्हणाल्या. "वस्तीले दाखवून देऊ, लग्न बी होते म्हणा स्टीलमधी. पाण्याचं मी पाह्यतो, शेतातल्या विहिरीवरून टाकी भरून आणाले लावतो." वऱ्हाडीत त्या जोशात आल्या की पुरुषासारखं बोलायच्या, 'पाह्यतो', 'लावतो'.

भाऊ निवडणूक हरले. निकालाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचे दोन कार्यकर्ते तीच रिक्षा घेऊन दुकानापुढे आले.

"भाभी, भाऊनं ताटं परत मांगतले."

"कशाला?"

"थे काई सांगतलं नाई. घेऊन या म्हणले."

"दिलेली वस्तू परत मागतात का?"

त्यातला एक ओशाळून म्हणाला, "आमाले सांगतलं तेवढं आमी करतो, भाभी." आणि मांडणीवरून ताटं उतरवायला लागला.

गलका ऐकून काकू आल्या. रिक्षा निघाली तशा अनवाणी मागे धावल्या. "अरे, लग्न हाये माह्या पोरीचं! तेवढं होऊ द्या, मंग न्या!" रिक्षा थांबली नाही. भर उन्हात रस्त्याच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या. मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत, नुसता ग्लास धरून बसल्या.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या जुन्या ताटांतच झालं. नवरदेवाकडचे पांढरकवड्याचे, हायवेवर त्यांचे ट्रक चालतात. माणसं वाईट नव्हती. जेवताना नवरदेवाच्या मामांनी ताट तिरपं करून कडेवरचं नाव वाचलं आणि शेजारच्याला दाखवलं. दोघं हसले. मग मामा काकांना मोठ्याने म्हणाले, "व्याही, एका पंगतीत दहा जणांच्या नावाची ताटं? उसने आणले का?"

काका म्हणाले, "वस्तीची हायेत. सगळ्याइची मिळून."

"आता ठीक हाये. लग्नात मात्र चांगलं होऊ द्या."

वाढता वाढता मी काकूंकडे पाहिलं. त्या वरणाचं भांडं घेऊन तिथेच होत्या. त्यांचं तोंड लाल झालं होतं आणि तरीही त्या मामांना म्हणत होत्या, "घ्या ना, अजून थोडं घ्या."

लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून मला हाक मारली. मी स्टुलावर चढले. त्या पलीकडे उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"भाभी, एक सांगाचं हाये. बुफे ठरला. तिकडच्याइनं सांगतलं, ताटं सगळी सारखी पायजेत. बिछायतवाला धुवाले तयार नाई. आन् यंदा विहिरीले बी पाणी नाई."

"म्हणजे कागदाची?"

"हो."

बोलले असते तर वाईट बोलले असते. माझ्या मनात आलं ते असं, की माझ्या ताटांना दिलेले ठिपके या बाईने फुंकर घालून वाळवले, आणि व्याह्यांपुढे मात्र तोंडातून शब्द निघाला नाही.

"पोरीचा सवाल हाये वं," त्या म्हणाल्या. "पोरीले तिथं नांदाचं हाये."

तेही खरंच होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली. ज्याला धरून भांडावं असं माणूसच समोर सापडत नव्हतं. मामांचं काही चुकलं नव्हतं, बिछायतवाल्याचं चुकलं नव्हतं, काकूंचंही नाही. प्रत्येकाकडे त्याचं त्याचं कारण होतं.

लग्नाला मी गेले. न जाऊन कसं चालेल, ती पोरगी माझ्या अंगणात मोठी झालेली. रांगेत उभी राहून मी चंदेरी पत्रावळ घेतली. भाजीच्या वजनाने ती मधोमध वाकायला लागली तशी खालून दुसरा हात लावून धरली. मंडपात पाहुण्यांमध्ये फिरणाऱ्या काकू माझ्यासमोर आल्या, माझ्या हातातल्या पत्रावळीकडे पाहिलं आणि तशाच पुढे गेल्या. बिदाईच्या वेळी पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

लग्न झालं तो हॉल नाल्याच्या पलीकडेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. हॉलमागच्या ढिगातल्या पत्रावळ्या उडून बाभळींच्या काट्यांत अडकल्या होत्या. दुपारी हॉलच्या माणसाने उरलेला ढीग पेटवून दिला. जळत्या प्लास्टिकचा तो वास दिवेलागणीपर्यंत घरात होता. मी खिडक्या लावून घेतल्या. काकूंच्याही खिडक्या लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर योजना हळूहळू मोडत गेली. ताटं न्यायची मी आठवण करून दिली की बायका म्हणायच्या, "तिच्याच घरी झालं नाई, आमी काहून घासत बसावं?" काहींनी आपापली ताटं परत नेली. एकीने तर दुसरीच्या नावाची नेली आणि त्यावरून त्या दोघी भांडल्या. भांडण निस्तरायला मीच गेले. काकू खोलीकडे फिरकेनाशा झाल्या. भिंतीवरून कढीपत्ता मागायच्या, पोरीची खुशाली सांगायच्या, पण ताटांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात पाइप पुन्हा तुंबला. पाणी या वेळी खालच्या गल्लीत शिरलं. तिथल्या माणसांनी बांबू शोधले.

मिस्टर म्हणाले, "अब खाली कर दे ना खोली." मी करते करते म्हटलं आणि केली नाही. का केली नाही, ते मला सांगता येणार नाही. फार आशा होती असं नाही.

परवाच नव्या लेआउटमधलं एक जोडपं आलं. भाड्याने राहतात, दोघंही नोकरीवाले. मुलीच्या बारशासाठी ताटं हवी होती. कोणाकडून तरी ऐकलं होतं. मला बरं वाटलं, मी काढून दिली. जाता जाता त्याने विचारलं, "मॅडम, धुवायची सोय तुमच्याकडेच आहे ना?"

मी म्हटलं, "नाही. धुऊनच आणून द्यायची."

"हो, हो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने गोणीत भरून ताटं आणून दिली. धुतली होती म्हणायला, पण कडांना वरण वाळलेलं, वाट्यांच्या बुडाशी खीर तशीच. मी त्याला हाक मारेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

मी अंगणात टप घेऊन बसले आणि घासायला लागले. राग असा आला होता की घासणीने बोटं सोलवटली. भिंतीपलीकडून आवाज ऐकून काकू आल्या. काही न विचारता पाटावर बसल्या, राखेचा डबा पुढे ओढला आणि एक ताट उचललं. बराच वेळ आम्ही दोघी घासत होतो.

"फेकून द्यावं वाटते नाई?" त्या म्हणाल्या.

"वाटतं."

"मले बी."

आणि त्यांनी पुढचं ताट घेतलं. मी त्यांना विचारणार होते, तुमच्या लेकीकडे पांढरकवड्याला आता कार्यक्रमात कशात वाढतात म्हणून. तेवढ्यात गल्लीत कोणीतरी ओरडलं, "नळ आला!" काकू राखेचे हात लुगड्याला पुसत उठल्या आणि बादलीकडे धावल्या. मीही उरलेली ताटं टपात तशीच सोडून पाण्याची मोटार लावायला पळाले.